शपथ न घेतलेले नागरिक

२६ जानेवारी १९५० रोजी औरंगाबाद, पैठण, वैजापूर किंवा कन्नडच्या सर्वसामान्य माणसाला कोणीही कचेरीत बोलावले नाही. अर्ज भरून घेतला नाही, उजवा हात वर करायला सांगितले नाही. आदल्या रात्री हैदराबाद संस्थानचा रहिवासी म्हणून झोपलेला माणूस सकाळी भारताचा नागरिक म्हणून उठला. शपथ घ्यावी लागली ती पदावर बसणाऱ्यांना, आणि त्यांत पहिले नाव होते खुद्द निजामाचे. १९११ पासून गादीवर असलेले मीर उस्मान अली खान त्या दिवशी हैदराबादचे राजप्रमुख झाले आणि संविधानाच्या रक्षणाची शपथ त्यांनी घेतली. प्रजेला शपथ नाही आणि राजाला मात्र आहे, हा उलटा प्रकार मला मराठवाड्याच्या इतिहासातला फार बोलका प्रसंग वाटतो. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ वर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण मुक्त झालेला माणूस कायद्याने नागरिक कसा झाला, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही.

त्याआधी तो कोण होता? मनमाडहून औरंगाबादकडे येणाऱ्या रेल्वेत नगरसूलपर्यंत ब्रिटिश हद्द आणि रोटेगावपासून निजामाची. मधल्या काही मैलांत राज्य बदले. संस्थानची स्वतःची जकात होती, तिचे खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. नाणेही निराळे होते. इंग्रजी रुपया तो कलदार आणि निजामाचा तो हाली. ढोबळ हिशेबाने सहा कलदारांना सात हाली पडत. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. अशा राज्यात ‘इथला’ कोण आणि ‘बाहेरचा’ कोण याची व्याख्या असणारच, आणि ती होती: मुल्की.

१९१९ च्या मुल्की नियमांचा हेतू नागरिकत्व ठरवण्याचा नव्हता, सरकारी नोकऱ्या कोणाला द्यायच्या हे ठरवण्याचा होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिकलेले लोक वरच्या जागा पटकावतात, ही जुनी तक्रार त्यामागे होती. जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुल्की. मुल्की माणसाची बायकोही मुल्की. बाहेरून आलेल्याला मात्र संस्थानात किमान १५ वर्षे कायम राहावे लागे, आणि त्यानंतर आपण मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, असे ठराविक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावे लागे. उर्दूत त्याला म्हणतात हलफनामा. हलफ म्हणजे शपथ. पंधरा वर्षांची वाट पाहणे आणि शेवटी अधिकाऱ्यासमोर उच्चारलेले वचन, हा आजच्या नागरिकत्वाच्या शपथविधीचा सगळा सांगाडा त्या नोकरीच्या नियमात आधीच दिसतो. फरक एवढाच की त्यात राजाविषयी किंवा कायद्याविषयी निष्ठेचे वचन मागितलेले नाही. मागितले आहे ते परतीची वाट बंद केल्याचे वचन. मला ते अधिक कठोर वाटते. निष्ठा तोंडाने सांगता येते. गाव मनातून काढून टाकले, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

हे नियम १९५० मध्ये एकाएकी नाहीसे झाले नाहीत. १९५२ साली हैदराबादेत मुल्की आंदोलन झाले, गोळीबार झाला. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि आपल्याकडे तो शब्द मागे पडला. तेलंगणात मात्र त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई गेली आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये न्यायालयाने ते नियम अजून जिवंत असल्याचा निर्वाळा दिला.

आता संविधानाकडे येऊ. अनुच्छेद ५ सांगतो की संविधानाच्या प्रारंभी ज्याचा अधिवास भारताच्या राज्यक्षेत्रात आहे आणि जो स्वतः किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक जण त्या राज्यक्षेत्रात जन्मला, किंवा जो आधीची निदान पाच वर्षे तिथे राहत आला, तो नागरिक. यातली खुबी ‘भारताचे राज्यक्षेत्र’ या शब्दांत आहे. १८९० साली पैठणला जन्मलेला माणूस जन्मला तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण १९५० मध्ये हैदराबाद भारताच्या राज्यक्षेत्रात असल्यामुळे त्याचा जन्मही मागाहून भारतात झाल्यासारखा धरला गेला. एका अनुच्छेदाने लाखो जन्मांचा पत्ता बदलला, आणि ते कोणाला जाणवलेही नाही.

सगळ्यांनाच हे इतके सहज मिळाले असे नाही. हैदराबाद संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले अरब होते, पठाण होते. निजामाच्या फौजेत चाकरीला आलेल्यांचे वंशज. पोलीस कारवाईनंतर त्यांच्यातल्या अनेकांना परके ठरवून देशाबाहेर पाठवण्याचा उद्योग सुरू झाला, आणि त्यांत इथेच जन्मलेलेही होते. कागद मागितला गेला तो त्यांच्याकडे. तो सप्टेंबर कोणाला झेंड्याच्या आठवणीचा आहे आणि कोणाला घर जळाल्याच्या. पंडित सुंदरलाल समितीने पाहिलेले मराठवाड्यातले जिल्हे या दुसऱ्या आठवणीचे साक्षीदार आहेत. न विचारता मिळालेले नागरिकत्व हे ज्यांच्याविषयी शंका नव्हती त्यांच्यासाठी होते, हे आपण नोंदवायला हवे.

शेजारच्या गोव्याशी तुलना केली की आपले वेगळेपण आणखी स्पष्ट होते. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने गोवा, दमण आणि दीवमध्ये २० डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेले, किंवा ज्यांचे आईवडील अथवा आजीआजोबा तिथे जन्मले ते, भारतीय नागरिक मानले गेले. पण एका महिन्यात लेखी कळवून ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती. मोंतेरो नावाच्या एका पाद्रींनी ते म्हटले. पोर्तुगीज नागरिकत्व ठेवले, राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यातच राहिले, खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. हरले खरे, पण त्यांना एकदा विचारले तरी गेले होते. मराठवाड्यात विचारले असते तर बहुसंख्यांचे उत्तर काय आले असते, याविषयी मला शंका नाही. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांनी, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेल्यांनी ते आधीच देऊन ठेवले होते. तरीही उत्तर ठाऊक असणे वेगळे आणि प्रश्न विचारणे वेगळे.

शपथ आली ती १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने, आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी. तिचा मजकूर दुसऱ्या अनुसूचीत आहे. जेमतेम एक वाक्य: कायद्याने स्थापित झालेल्या संविधानाशी खरी निष्ठा, कायद्यांचे पालन, नागरिकाच्या कर्तव्यांची पूर्तता. देवाचे नाव घ्या किंवा नुसते दृढकथन करा. नैसर्गिकीकरणासाठीचा मुक्काम कायद्याने वाढवत नेला. आज सर्वसाधारण अर्जदाराला अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षे इथे काढावी लागतात. मुल्कीच्या पंधरा वर्षांपासून आपण फार दूर आलेलो नाही. आणखी एक अट मला आवडते. आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. निजामाच्या दरबारी जिला मान नव्हता ती मराठी इथे उर्दूच्या बरोबरीने बसते. आमच्या शहरात दोहोंपैकी कोणत्याही भाषेवर काम भागावे. फलटणला स्थायिक झालेल्या मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन भारतीय नागरिक झाल्या. मराठीचे संदर्भ-व्याकरण लिहिण्यात ज्यांचा वाटा, त्यांच्या बाबतीत ‘पुरेसे ज्ञान’ हे शब्द वाचताना हसू येते. कासेगावच्या गेल ऑम्वेट १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. या दोघींनी जाणूनबुजून निवडले ते आपल्याला पाळण्यातच मिळाले होते.

उलट दिशेची शपथ मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. माझ्या पुतणीने अमेरिकेत सोळा वर्षे वाट पाहिली. त्यांतली बहुतेक ग्रीन कार्डाच्या रांगेत गेली, कारण तिथे कोणत्याही एका देशासाठी वार्षिक वाट्याची मर्यादा आहे आणि भारतीयांची रांग फार लांब. शपथेच्या दिवशी दारातच तिचे ग्रीन कार्ड परत घेतले, हातात एक छोटा झेंडा आणि पाकीट दिले. मग देशांची नावे पुकारली, लोक उभे राहत गेले. शपथेत परक्या राजा-अधिपतीवरची निष्ठा पूर्णपणे टाकून देण्याचे शब्द आहेत; ते १७९५ च्या कायद्यापासून चालत आले. पुतणीचा जन्म घाटी रुग्णालयातला, लोकशाहीतला. तिने कोणता राजा सोडला? राजा होता तो तिच्या पणजोबांना, आणि त्यांना तो सोडल्याचे कधी म्हणावे लागले नाही. शपथ संपली त्या क्षणी आपल्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तिचे भारतीय नागरिकत्व आपोआप गेले. मिळाले तसेच गेले, न बोलता. ती त्या पाकिटातली प्रमाणपत्रावरची स्पेलिंगे तपासत होती. मला मात्र त्या मुल्की हलफनाम्यातले परत न जाण्याचे कलम आठवत होते.

आपल्याकडे या विधीला सभागृह नसते, बँड नसतो. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार दिले. महाराष्ट्रातून त्यांत मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर होते, औरंगाबाद नव्हते. मार्च २०२४ च्या नियमांनी, २०१९ च्या दुरुस्तीत बसणाऱ्या सहा धर्मांच्या अर्जदारांसाठी, कागद ताडून पाहण्याची आणि शपथ देण्याची जबाबदारी जिल्हास्तरीय समितीकडे गेली आणि तिच्या प्रमुखपदी आहे टपाल खात्याचा अधीक्षक. पहिली १४ प्रमाणपत्रे दिल्लीत १५ मे २०२४ रोजी दिली गेली. अर्जाच्या दारात धर्म विचारला जातो. दुसऱ्या अनुसूचीतल्या त्या एका वाक्यात तो कुठेच नाही. अर्जदाराने मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहायचे, अधिकाऱ्याने ते ताडून पाहायचे, मग त्याच्यासमोर ते वाक्य म्हणायचे आणि खाली सही करायची.