टुंड्रा प्रदेशातील कर्बाचा जमाखर्च

सैबेरियातील याकुत्स्क गावी फ्योदोर शेर्गिन नावाचा एका व्यापारी कंपनीचा कारभारी राहत असे. आपल्या अंगणात विहीर असावी, एवढीच त्याची इच्छा. १८२८ च्या सुमारास त्याने खोदकामास प्रारंभ केला. पाणी काही लागेना. लागली ती दगडासारखी गोठलेली माती. गृहस्थ हट्टी. १८३७ पर्यंत तो खोदीत राहिला, ११६ मीटर खोल गेला, तरी पाण्याचा थेंब नाही. पुढे १८४४ साली मिडेनडॉर्फ हे संशोधक तेथे आले आणि त्या कोरड्या विहिरीत त्यांनी निरनिराळ्या खोलीवर उष्णतामान मोजले. तळाशीदेखील ते शून्याच्या खालीच भरले. कायम गोठलेल्या भूमीचा शास्त्रीय अभ्यास या फसलेल्या विहिरीपासून सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

याकुत्स्क अरण्याच्या पट्ट्यात मोडते. त्याच्याही उत्तरेस जावे तो झाडे खुरटत जातात व अखेर संपतात. उरते ते शेवाळ, लव्हाळे आणि गुडघ्याएवढी झुडपे. हाच टुंड्रा. पाहणाऱ्यास तो ओसाड वाटतो. पण त्याच्या पोटात केवढी ठेव आहे, ती पाहा. उन्हाळ्याचे काही आठवडे सूर्य मावळत नाही. तेवढ्या अवधीत वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड (आपण त्याला सोयीसाठी कर्बवायू म्हणू) शोषून आपली वाढ उरकतात. आपल्याकडे पाचोळा पडला की पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत त्याची माती होते आणि त्यातील कर्ब पुन्हा हवेत जातो. तिकडे जमीन थंड व पाणथळ. कुजविणारे सूक्ष्म जीव अर्धवट झोपेत. म्हणून दरवर्षी थोडे शिल्लक पडते, आणि ती शिल्लक गोठते. हजारो वर्षे साचलेला हा कर्ब, उत्तरेकडील सर्व गोठभूमी धरून, सुमारे दीड लाख कोटी टन असावा असा अंदाज आहे. आज वातावरणात जेवढा कर्ब आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट!

आता हा जमाखर्च माणसाने कसा मांडला, ते पाहू. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमाखाली अलास्कातील बॅरो येथे (२०१६ पासून या गावाचे नाव उतकियाग्विक) कसून मोजमाप झाले. टुंड्रा कर्ब साठवितो, असा निर्णय निघाला. निर्णय त्या काळापुरता बहुधा बरोबरही असेल. परंतु मोजणारी मंडळी बहुतेक विद्यापीठांतली. सुट्टीत उन्हाळ्यात जावयाची आणि बर्फ पडण्यापूर्वी परतावयाची. दुकानाची वही फक्त दिवाळीच्या हंगामात लिहावी आणि त्यावरून वर्षाचा नफा काढावा, तशातला हा प्रकार. कोणाला शंका आलीच नाही असे नाही. कॉइन आणि केली या दोघांनी १९७१ सालीच दाखविले होते की, गोठलेल्या जमिनीतूनही कर्बवायू हवेत निसटत असतो. लेख छापला गेला. वहीतले हिवाळ्याचे रकाने मात्र पुढे पुष्कळ वर्षे बहुतांशी कोरेच राहिले.

१९८२ साली बिलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅरोच्या जमिनीचे तुकडे प्रयोगशाळेत आणून त्यांना ऊब दिली, त्यांतले पाणी उतरू दिले. टुंड्रा साठा करणारा राहील की उधळणारा होईल, हा प्रश्न त्यांनी उघड विचारला. उत्तर आले १९९३ साली. वॉल्टर ओएचेल यांच्या गटाने उत्तर अलास्कात पुन्हा मोजणी केली आणि तेथील टुंड्रा कर्ब घेण्याऐवजी देऊ लागला आहे असे जाहीर केले. मोठी खळबळ उडाली. पण २००० साली त्याच गटाने आणखी एक लेख लिहिला: वनस्पतींनी उष्म्याशी काहीसे जमवून घेतले असून उन्हाळ्यात टुंड्रा पुन्हा कर्ब घेऊ लागला आहे, वर्षाची बेरीज मात्र तोट्याचीच आहे. आपण गाजविलेल्या विधानाला आपणच मुरड घालणे सोपे नसते. मला या माणसांविषयी आदर वाटतो तो येथे.

हिवाळ्यात नेमके होते काय? शरद ऋतूत जमीन वरून गोठू लागते, खालून तर ती गोठलेलीच असते. मधला थर कित्येक आठवडे शून्य अंशापाशी अडून राहतो, कारण पाण्याचे बर्फ होताना उष्णता बाहेर पडत असते. वर बर्फाची गोधडी. त्या अंधारात वनस्पतींचे काम थांबलेले, सूक्ष्म जीवांचे चालू. म्हणजे जमा शून्य आणि खर्च सुरूच. अलास्कातील मिथेनपैकी निम्म्याहून कमी नाही इतका या थंडीच्या महिन्यांत सुटतो, असे २०१६ साली दिसून आले. २०१९ साली शंभराहून अधिक ठिकाणची हिवाळी मोजमापे एकत्र करण्यात आली. टुंड्रा आणि त्याच्या दक्षिणेची अरण्ये मिळून ऑक्टोबर ते एप्रिल १६६ कोटी टन कर्ब बाहेर पडतो. उन्हाळ्याची जमा सुमारे १०३ कोटी टन. अंदाज ढोबळ आहेत, पण कोरा रकाना भरल्यावर बेरीज कोणीकडे झुकली हे स्पष्ट आहे.

आणि खर्च होतो आहे तो कोणता पैसा? अलास्कातच एट माइल सरोवराकाठी टेड शूर यांनी किरणोत्सर्गी कर्बाच्या साह्याने बाहेर पडणाऱ्या वायूचे वय काढले. भूमी वितळू लागल्यापासूनची पहिली काही वर्षे झुडपे जोमाने वाढतात आणि तोटा झाकला जातो; पाहुण्याला टुंड्रा हिरवागार, संपन्न दिसतो. काही दशके लोटली की जुना, शेकडो-हजारो वर्षांपूर्वीचा कर्ब इतका निघू लागतो की झुडपांना तो भरून काढता येत नाही. त्यात वणव्यांची भर. २००७ साली अनाक्तुवुक नदीकाठी सुमारे १,००० चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला आणि सुमारे २१ लाख टन कर्ब हवेत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या हवामान व सागर संस्थेच्या आर्क्टिक अहवालाने लिहिले की वणवे जमेस धरता टुंड्रा आता कर्ब सोडणारा प्रदेश झाला आहे.

आज मनोऱ्यांवर बसविलेली यंत्रे हिवाळ्याच्या काळोखातही वायूंची ये-जा टिपतात; त्यांच्यावर बर्फ साचू नये म्हणून त्यांना तापवावे लागते. परंतु उत्तरेकडील गोठभूमीचा सर्वांत मोठा हिस्सा रशियात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि तेथील केंद्रांशी पाश्चात्य संस्थांचे सहकार्य बहुतेक तुटले. शेर्गिनने विहीर खणली त्या सैबेरियातले रकाने पुन्हा कोरे पडू लागले आहेत.