उताऱ्यावांचून उपचार

वैद्यक शिकणाऱ्या तरुणांची अशी एक समजूत असते कीं, विष म्हटलें म्हणजे त्यास उतारा हा असावयाचाच. ह्या समजुतीची कसोटी पाहणारा एक वृत्तान्त आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

१९०३ सालीं एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं बार्बिटाल हें निद्राकारक औषध प्रसिद्ध केलें. ह्या वर्गांतील गोळ्यांचा प्रसार झाला, तसे त्यांच्या अतिमात्रेनें बेशुद्ध झालेले रोगीही रुग्णालयांत येऊं लागले. मेंदू निजला आहे, तर तो जागा करावा, ह्या तर्कानें डॉक्टर पिक्रोटॉक्सिनसारखीं उत्तेजकें टोंचीत. तर्क सरळ होता. परंतु उत्तेजकांनीं झटके येत, आणि रोगी दगावत ते दगावतच.

१९४९ पासून कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयांत कार्ल क्लेमेसेन ह्यांनीं निराळा मार्ग धरिला. उत्तेजकें वर्ज्य केलीं. श्वासमार्ग मोकळा राखावा, प्राणवायु द्यावा, रक्तदाब सांभाळावा, रोग्यास वरचेवर कुशीवर वळवावें, आणि शरीर विषाचा निकाल लावीपर्यंत धीर धरावा, एवढाच तो उपचार. मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें २० होतें, तें १-२ वर आलें.

कांहीं विषांस उतारा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर ॲसिटिलसिस्टीनचा गुण एडिंबरोच्या डॉक्टरांनीं १९७९ सालीं दाखविला. परंतु बार्बिट्युरेटांस आजही उतारा नाहीं. म्हणून विद्यार्थ्यानें विषाचें नांव विचारण्यापूर्वीं रोग्याचा श्वास पाहावा.