राजापूर : नदीने वसवलेलं, गाळाने अडवलेलं गाव

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह झाला. आपल्या सोसायटीत कोकणातली बरीच कुटुंबं आहेत. गणपतीला आणि मे महिन्यात अर्ध्या घरांना कुलपं लागतात. त्यांतल्या पुष्कळांची गाडी राजापूरवरून पुढे जाते. माझं मूळ गाव देशावरचं, पण बँकेच्या बदलीमुळे काही वर्षं राजापुरात काढली. म्हणून याच गावाबद्दल चार गोष्टी सांगतो.

राजापूर हा रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातला तालुका. वस्ती लहान, पण नगरपरिषद जुनी. सह्याद्रीतून येणारी अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या इथे एकत्र होतात आणि पुढे जैतापूरच्या खाडीतून समुद्राला मिळतात. समुद्र सुमारे 24 किलोमीटर लांब. तरीही राजापूर हे बंदर होतं, हे ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटतं. भरतीच्या पाण्यावर गलबतं थेट गावाच्या धक्क्याला लागत. समोर अणुस्कुरा घाट. त्या घाटाने वर चढलं की कोल्हापूरचा मुलूख. म्हणजे जिथे गलबत थांबतं आणि बैलांचा तांडा सुरू होतो, नेमक्या त्या जागी हे गाव वसलं. घाटावरून मिरी, वेलदोडे, कापड खाली यायचं आणि समुद्रमार्गे परदेशी जायचं. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, एका हाताने जमा आणि दुसऱ्या हाताने नावे!

असं ठिकाण व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटतं होय? सतराव्या शतकात, आदिलशाहीच्या काळात, इंग्रजांनी इथे वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार तोफगोळे घेऊन जौहरच्या मदतीला गेले. आपलं निशाण फडकवत त्यांनी गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्यांनी युद्धात हात घातला, याचा हिशेब शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापुरात येऊन चुकता केला. वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद केलं. त्यांची सुटका व्हायला 1663 साल उजाडलं. नुकसानभरपाईच्या वाटाघाटी पुढे अनेक वर्षं चालल्या. 1674 च्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडन नजराणा घेऊन आला होता, तसा राजापूरचा विषयही घेऊन आला होता. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग दोन ओळींत संपतो. पण तो राजापुरात का घडला, याचं उत्तर त्या नदीत आणि त्या घाटात आहे.

मग हे बंदर गेलं कुठे? ते कुणी लुटून नेलं नाही. गाळाने नेलं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगरउतारावरचं जंगल तुटत गेलं, तशी माती मोकळी झाली आणि दर पावसाळ्यात नदीत येऊन बसू लागली. 1880 च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की अरबांची गलबतं अजून राजापूरशी थेट व्यापार करतात, पण मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतं. हे तीन मैल म्हणजे गावाच्या उतरणीची सुरुवात. पुढे मुंबईच्या आगबोटी जैतापूर, मुसाकाजीला लागत आणि तिथून माणसं होडीने गावी येत. बंदर धक्का हे नाव मात्र गावात आजही टिकून आहे.

रेल्वेची गोष्टही तशीच. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते हे राजापूर लोकसभा मतदारसंघाचे खासदार. दंडवते तर 1971 पासून सलग पाच वेळा निवडून आले. कोकण रेल्वेसाठी त्यांनी किती झीज सोसली हे सर्वांना ठाऊक आहे. 1998 मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावली. पण स्थानकाचं नाव 'राजापूर रोड', आणि ते शहरापासून बरंच लांब! जे गाव एकेकाळी जगाच्या रस्त्यावर होतं, त्याला आता रिक्षा करून रस्त्यापर्यंत जावं लागतं.

राजापूर म्हटलं की गंगेचं नाव निघतंच. जवळच्या उन्हाळे गावात डोंगरावर चौदा कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी तिथे अचानक पाणी प्रकटतं, काही काळ वाहतं आणि नाहीसं होतं. अलीकडे हे वेळापत्रकही बिघडलं आहे. श्रद्धाळू तिला गंगामाई म्हणतात. जाणकार म्हणतात, डोंगराच्या पोटात साठलेलं पाणी ठरावीक पातळीला आलं की नैसर्गिक वक्रनलिकेने बाहेर येतं. मला दोन्हींत भांडण दिसत नाही. गावाला पाणी देणारं कोदवलीचं 'सायबाचं धरण' ब्रिटिश अमदानीतलं. म्हणजे इतिहास असो, धर्म असो की नळाचं पाणी, राजापुरात सगळं पाण्यापाशीच येऊन थांबतं.

आणि संकटही. गाळाने नदीचं पात्र उथळ झालं, दोन नद्यांचा लोंढा एकदम आला आणि त्यात भरती असली की पाणी जवाहर चौकात शिरतं. दुकानदार माल वर चढवून ठेवतात. वर्षानुवर्षं हे चाललंय. गाळ उपसणं ही तिथे शोभेची कामगिरी नाही, बाजारपेठ राहणार की जाणार याचा प्रश्न आहे. 26 जुलै 2005 ला आपल्या खालच्या पार्किंगमध्ये पाणी आलं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. आपणच तिच्यावर बांधकाम करून विसरतो.

सोसायटीतल्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे. तुमचं गाव कोकणातलं असो, खानदेशातलं असो की मराठवाड्यातलं, पुढच्या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारा. गाव नेमकं इथेच का वसलं? पाणी कुठून येतं? आणि माणसं का निघून गेली? उत्तरं वहीत लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. आणि या गणपतीत राजापूरवरून जाल, तेव्हा नुसता चहा पिऊन गाडीत बसू नका. पाच मिनिटं खाली धक्क्यापर्यंत जाऊन या आणि नदीत गाळ किती आहे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.