लघवी, लिटमस आणि कुत्र्याचे औषध

रंकाळ्याच्या काठी सकाळी फिरायला गेलो की कुत्री फिरवणारी मंडळी आम्हाला हमखास भेटतात. त्यांपैकी एका शेजाऱ्यांची कुत्री मध्यंतरी दर दहा पावलांवर बसू लागली. लघवी थेंब थेंब होई, तीही लालसर. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी झाले. मग घरात कुणाच्या तरी आजारातून उरलेल्या दोन कॅप्सूल दिल्या. दोन दिवस बरे वाटले. महिन्याभरात दुखणे परत आले.

हा मूत्राशयाचा जंतुसंसर्ग. तो कुत्र्यांपेक्षा कुत्रींना अधिक होतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि बाहेरच्या जंतूंना मूत्राशय जवळ पडते. यावरच्या उपचारांचा इतिहास पाहिला, तर त्या दोन कॅप्सूलचे काय चुकले तेही कळते.

आपल्या भागात कुत्र्यांविषयीचे लेखन जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात शिकारी कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कोल्हापूर संस्थानातही शिकारीसाठी चित्ते पाळले जात. जनावरांची पारख होती, पण जंतू दिसत नव्हते. मुंबईत परळला 1886 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या एकच वर्ष आधी, 1885 मध्ये, थिओडोर एशरिश यांनी आतड्यातल्या एका जंतूचे वर्णन केले होते. त्यालाच आज आपण ई. कोलाय म्हणतो. कुत्र्यांच्या मूत्राशयात सर्वांत जास्त वेळा सापडतो तो हाच.

पहिले खास औषध आले ते 1890च्या दशकात. जर्मनीतील आर्थर निकोलायर यांनी हेक्झामीन वापरून पाहिले. हा पदार्थ स्वतः जंतू मारत नाही. आम्ल लघवीत त्याचे विघटन होते आणि फॉर्माल्डिहाइड सुटते. जंतू मरतात ते त्याने. युक्ती नामी होती. पण तिच्यात एक पेच होता.

इथे वर्गातला लिटमस कागद आठवावा. काही जंतूंजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करते. लघवी आम्लारी होते, तांबडा लिटमस निळा होतो आणि हेक्झामीन निकामी ठरते. एवढ्यावर भागत नाही. आम्लारी लघवीत मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा साका बसून खडा बनतो. कुत्र्यांमधले या जातीचे खडे बहुतेक वेळा जंतुसंसर्गातूनच होतात. खड्याच्या आत जंतू लपून राहतात, म्हणून दुखणे उलटते.

पुढे 1935 मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा गुण जाहीर केला. त्यातून सल्फा औषधे आली. त्यांचे स्फटिक मूत्रपिंडात साचू नयेत म्हणून रोग्याला भरपूर पाणी पाजावे लागे.

मग पेनिसिलीन. ऑक्सफर्डला 1941 मध्ये एका पोलिसावर ते वापरले, तेव्हा साठा इतका थोडा होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन काढून पुन्हा टोचावे लागले. तरीही औषध संपले आणि रोगी दगावला. या करुण घटनेत एक महत्त्वाचा धडा होता: पेनिसिलीन शरीरातून लघवीवाटे बाहेर पडते, आणि लघवीत त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट होते. म्हणूनच त्याच कुळातली साधी औषधे मूत्राशयाच्या संसर्गावर चांगली लागू पडतात.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. दुर्मिळ औषध आवाक्यात आले. आवाक्यात आले, तसे ते हेळसांडीने वापरलेही जाऊ लागले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात.

शेजाऱ्यांच्या घरी नेमके तेच घडले असावे. मात्रा अंदाजाची, जंतू अज्ञात, खडा आहे की नाही ते पाहिलेले नाही. अखेर पशुवैद्यांनी पोटावरून सुई घालून थेट मूत्राशयातली लघवी काढली, जंतू वाढवून पाहिले आणि कोणते औषध त्यांना मारते ते तपासून मगच औषध दिले.

मात्र ‘जास्त दिवस म्हणजे जास्त चांगले’ हेही खरे नव्हे. पूर्वी दहा-चौदा दिवस औषध देत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या 2011 च्या शिफारशीत साध्या संसर्गाला सात दिवस होते. 2019 च्या शिफारशीत ते तीन ते पाच दिवसांवर आले. योग्य औषध, पुरेशी मात्रा आणि गरजेपुरतेच दिवस, असा हा हिशेब आहे.

याचा संबंध कुत्र्यांपुरता नाही. कुत्र्याच्या मूत्राशयातला निर्ढावलेला ई. कोलाय घरातल्या माणसांपर्यंतही पोचू शकतो, आणि माणसांकडचा कुत्र्यापर्यंत. दोघांची औषधेही बव्हंशी एकाच कुळातली. विद्यार्थ्यांना एकदा विचारून पाहावे: तुमच्या घरच्या फडताळात उरलेल्या गोळ्या किती आहेत, आणि त्या का उरल्या?