मागच्या गाडीचा ब्रेक

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या हायवेंवर एसयूव्हीमागे कॅम्पर ओढत निघालेली कुटुंबं दिसू लागतात, आणि त्यांत आता आपलीही मंडळी असतात. गाडी किती पौंड ओढेल हे विकत घेताना सगळेच विचारतात. एवढं वजन थांबवणार कोण, हा प्रश्न मात्र बहुधा पहिल्या मोठ्या उतारावर पडतो. पाय ब्रेकवर असतो आणि तरी मागचा ट्रेलर गाडीला पुढे ढकलत राहतो. हा प्रश्न मोटारींपेक्षा जुना आहे. तो आधी रेल्वेला पडला, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत बरीच माणसं जिवाला मुकली.

सुरुवातीच्या आगगाड्यांत मागच्या डब्यांचे ब्रेक हातानेच लावावे लागत. ड्रायव्हरने शिटी दिली की अमेरिकेतले ब्रेकमन मालगाडीच्या छतांवरून धावत एकेका डब्याचं चाक फिरवायचे. पावसात, बर्फात, चालत्या गाडीवर. १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस या बावीस वर्षांच्या तरुणाने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनातून दाबाखालची हवा नळीतून डब्यांकडे जायची आणि सगळीकडचे ब्रेक लागायचे. पण त्यात एक खोट होती. नळी फुटली किंवा डबे सुटले, की हवा गेली आणि ब्रेकही गेला. नेमकी गरज असते तेव्हाच.

१८७२ मध्ये वेस्टिंगहाउसने ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी दिली. नळीतला दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात, आणि दाब घसरला की टाकीतल्या हवेने ते आपोआप लागतात. नळी तुटणं म्हणजे आता ब्रेक लागणं. बिघाड झालाच, तर तो गाडी थांबवणारा असावा, हे त्यामागचं तत्त्व.

ते सगळ्यांनी लगेच स्वीकारलं नाही. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ मुलांनी भरलेली सहलीची गाडी चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी गाडीचे दोन भाग करून पुढचे डबे आधी वर न्यायचं ठरवलं. तिचे व्हॅक्यूम ब्रेक आपोआप लागणारे नव्हते. डबे वेगळे करताच मागच्या भागाला उरला तो एक हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. इंजिनाचा हलका धक्का लागला, दगड चुरडले, डबे उताराला लागले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण गेले. तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. अमेरिकेत हवेच्या ब्रेकचा कायदा १८९३ मध्ये आला.

आपल्या बोरघाटातही हेच तत्त्व दिसतं. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. कर्जतला मागून जोडलेली जादा इंजिनं आपण वडापाव खाता खाता पाहिलेली असतात. उताराच्या बाजूला मात्र कॅच सायडिंग असतात. मुख्य रुळावरून बाजूच्या चढावर जाणारा हा फाटा ताबा सुटलेल्या गाडीला अडवतो. सांधा मुळात त्या फाट्याकडेच वळवलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे दिसल्यावर मुख्य मार्ग मिळतो.

रस्त्यावरच्या ट्रेलरने मात्र वेगळी वाट धरली. १९२०च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटच्या आर्थर वॉर्नर यांनी ट्रेलरसाठी विजेचे ब्रेक बनवायला घेतले. अमेरिकेतल्या बहुतेक कॅम्परना आजही त्याच जातीचे ब्रेक असतात. ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्यासोबत ओढला जातो, आणि त्या ओढीने तरफ फिरून ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. स्वस्त, साधं, जोडायला सोपं. पण करंट आला तरच ब्रेक. वायर तुटली तर ट्रेलर मोकळा. म्हणजे आपण पुन्हा १८६९ मध्ये.

म्हणूनच हे ब्रेक गाजावाजा न करता कमजोर होतात. दोन ॲक्सलच्या ट्रेलरचे चार चुंबक मिळून साधारण ०.८ ओहम रोध देतात, आणि १२ व्होल्टला १५ अँपिअर घेतात. वाटेत गंजलेल्या एका जोडाने ०.४ ओहम वाढवले, तर चुंबकांना उरतात फक्त ८ व्होल्ट. ब्रेक लागतो, पण अर्धवट. आणि तीच वायर चुंबकापासून सोडवून मीटर लावला तर तो पूर्ण १२ दाखवतो, कारण करंट वाहतच नसतो. मोजणी चुंबक जोडलेले ठेवून, ब्रेक लावूनच करावी.

तपासणीचा क्रमही यातूनच ठरतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २०-२५ मैलांनी जाताना कंट्रोलरची हाताची कळ दाबा. ट्रेलरने एकट्याने गाडी मागे ओढल्याचं जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं, तर आधी कंट्रोलरचं गेन वाढवून पाहा. मग जोडणी सात पिनांची आहे ना ते बघा, कारण चार पिनांच्या जोडणीत ब्रेकची वायरच नसते. पिनांवरचा गंज आणि ट्रेलरच्या सांगाड्याला जोडलेली ग्राउंड वायर तपासा. चाकापाशी पूर्ण व्होल्टेज पोचत असेल, तर दोष ड्रमच्या आत आहे. शू झिजून ड्रमपासून दूर गेले असतील, चुंबक झिजला असेल, किंवा बेअरिंगमध्ये जास्त भरलेलं ग्रीस सील ओलांडून शूवर आलं असेल. ग्रीस मुरलेले शू पुसून भागत नाही, बदलावे लागतात.

वेस्टिंगहाउसची टाकी ट्रेलरवरही आहे, पण बॅटरीच्या रूपात. ट्रेलर सुटला तर एक बारीक केबल ब्रेकअवे स्विचची पिन उपसते आणि ट्रेलरवरची बॅटरी ब्रेक लावते. ब्रिटनमधल्या कॅरव्हॅनमध्ये हेच काम केबल थेट हातब्रेक ओढून करते. अमेरिकेतली ही बॅटरी हिवाळाभर पडून उतरते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पुढच्या सहलीआधी ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा, ती पिन उपसा आणि ट्रेलर थोडा ओढून पाहा. चाकं घट्ट धरली गेली, तरच मुलांना गाडीत बसवा.