मागच्या माणसासाठी

गॅरेजमध्ये हल्ली एक मागणी वारंवार कानावर पडते, ‘मिस्त्री, कंपनीचा सायलेन्सर काढा, जरा आवाजाचा बसवा.’ गप्प करणारा म्हणून ज्याचं नाव सायलेन्सर, तोच गोंगाटासाठी बदलायचा! या नळीचा इतिहास मात्र नेमका उलट दिशेनं गेला आहे.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. तिथल्या मिल्टन आणि मार्शल रीव्हज या भावांना १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणाचं पेटंट मिळालं. इंजिनात इंधन पेटलं की तापलेला वायू दाबानं बाहेर उसळतो. त्याला वाटेत ऐसपैस डब्यात पसरू दिलं, भोकांच्या नळ्यांतून फिरवलं, की त्याचा जोर उतरतो आणि आवाज विरतो. पण या अडवणुकीत इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडते. म्हणून जुन्या मोटारींना ‘कटआउट’ नावाची झडप असे. चढ आला की चालक ती उघडायचा आणि वायू सायलेन्सर टाळून थेट बाहेर पडायचा. तो गडगडाट ऐकून अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी कटआउटवर बंदी घातली. ताकद आणि शेजारधर्म यांचं भांडण तेव्हापासूनचं!

आवाजानंतर पाळी आली धुराची. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले इंजिनिअर यूजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात मोटारीच्या धुरासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तयार केला. प्लॅटिनमसारख्या धातूंचा त्यातला थर विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतो. अडचण एकच होती. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत आणि ते हा थर निकामी करी. म्हणजे नळी सुधारायची, तर आधी इंधन सुधारायला हवं. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या मोटारींना कन्व्हर्टर आला. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथल्या नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला, सोबत शिसंविरहित पेट्रोल आलं. २००० मध्ये देशभरातल्या पेट्रोलमधून शिसं गेलं. एका नळीच्या सुधारणेनं लहान लेकरांच्या श्वासातलं विष कमी केलं.

सायलेन्सर बदलावा लागतो, यात वाद नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. गाडी थोडंच अंतर चालली, तर ते पाणी नळीत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. अशा वेळी नवा चांगला सायलेन्सर घालणं शहाणपणाचं. पण आजच्या मोटारसायकलींचा कन्व्हर्टर बहुधा याच नळीत असतो. ती फेकून पोकळ नळी बसवली, की आवाजाबरोबर विषही मोकळं सुटतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रत्येक वाहनाला सायलेन्सर बंधनकारक केला, तो उगाच नव्हे.

माझ्या अम्मीचं शेवटचं आजारपण रस्त्यालगतच्या खोलीत गेलं. मोठ्या मिनतवारीनं तिचा डोळा लागायचा, आणि एखादी फटफटी फटाके फोडत गेली की ती दचकून उठायची. चालवणाऱ्याला हे कधीच कळलं नाही. कसं कळणार? तो पुढे निघून गेलेला असतो. ही नळी गाडीच्या मागच्या बाजूला असते. ती शोधली गेली, ती मागे राहणाऱ्या माणसासाठी.