संगणकाचे बीज

बडोद्यात वीज जाऊन परत आली की घराघरांतील व कचेऱ्यांतील कितीतरी संगणक आणि राऊटर एकाच सुमारास जागे होतात. जागे होताच त्यांना दुसऱ्या कोणाच्याही तर्कात येणार नाही अशी एक संख्या हवी असते. बँकेचा व्यवहार किंवा खाजगी पत्र ज्या कुलुपात बंद होते, त्याची किल्ली अशाच संख्येपासून घडते. पण नुकत्याच जाग्या झालेल्या यंत्राने ती आणावी कोठून? ठरलेली क्रिया अचूक करणे हा यंत्राचा गुण. येथे तोच त्याला नडतो.

ही अडचण किती खोल आहे, हे १९४९ साली दोन दूरच्या ठिकाणी मांडलेल्या विचारांवरून ध्यानात येते. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ या संख्येची नवलाई सांगितली. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. ३५२४ पासून निघाल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते आणि पुढे तेच कायम राहते. आरंभ कोठूनही होवो, फार तर सात पायऱ्यांत मुक्काम ठरलेला!

त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथील परिसंवादात जॉन फॉन नॉयमन यांनी यंत्राकडून स्वैर भासणाऱ्या संख्या काढण्याच्या रीतींचा विचार मांडला. त्यांची एक रीत अशी: संख्येचा वर्ग करावा, मधले अंक उचलावेत, त्यांचा पुन्हा वर्ग करावा. पण ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले चार अंक पुन्हा ३७९२! केवळ अंकगणितातून यदृच्छा निर्माण करू पाहणे हे पापच, असा इशारा नॉयमन यांनीच दिला होता. क्रिया ठरलेली असली की अनिश्चितता फक्त आरंभीच्या संख्येत राहते. त्या संख्येला 'बीज' म्हणतात.

मग बीज यंत्राबाहेरच्या जगातून वेचणे भाग पडले. १९९४ साली थिओडोर त्सो यांनी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तशी योजना केली. कळफलकावर बोटे पडण्यातील आणि डिस्कच्या हालचालींतील क्षणांचे सूक्ष्म अंतर टिपून त्यांतून बीज घडवले जाई. शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बी राखतो, तसे यंत्र बंद होताना थोडे बीज डिस्कवर राखून ठेवावयाचे. वीज अवचित गेली तर ही संधी मिळत नाही. म्हणून सुरू होतानाच जुने बीज वापरून त्याजागी लगेच नवे ठेवावे लागते.

पण कारखान्यातून आलेल्या कोऱ्या राऊटरजवळ राखलेले बी नसते, आणि कळफलकही नसतो. याचा परिणाम २०१२ साली उघडकीस आला. नादिया हेनिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या यंत्रांच्या जाहीर किल्ल्या गोळा केल्या. ज्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून किल्ली बनते, त्यांपैकी एक अनेक यंत्रांत समान निघाली. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही कुलुपे उघडतात. शाळेतल्या त्या गणिताने, तपासलेल्या सुरक्षित संकेतस्थळांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या हाती आल्या.

पुढे २०१४ साली लिनक्समध्ये बीज पुरेसे होईपर्यंत थांबून राहण्याची सोय झाली. २०१९ साली तिचा उलटा अनुभव आला: एका सुधारणेमुळे डिस्कची ये-जा कमी झाली, वेचायला अनियमितपणा उरला नाही, आणि काही संगणक सुरू होतानाच अडून बसले. अखेर प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळेतील बारीक चढउतार टिपून ही कोंडी फोडण्यात आली.

वीज परतल्यावर यंत्र क्षणभर रेंगाळले तर त्याला आळशी म्हणण्याची घाई करू नये. ते कदाचित बीज वेचत असेल. घाईने लावलेले कुलूप दिसायला इतर कुलुपांसारखेच असते. त्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्याही खिशात असू शकते.